मुरड्याची पाठ

"भावोजींनी पाठ केली," आत्याबाई अंगणातून म्हणाल्या. तोंडात राखुंडी होती, त्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले. पण मी हातातली घागर टाकून धावले ती त्यांच्या आवाजामुळे. माझ्या सासूबाईंचा आवाज इतका बारीक झालेला मी तीन महिन्यांत ऐकला नव्हता.

बाहेर येऊन पाहिलं तर समोर मुरड्या डोंगर होता आणि नव्हताही. काल दिवस मावळेपर्यंत तिथे हिरवा उतार होता. त्यावरून वळणं घेत चढणारी वाट होती आणि मधोमध मांडी घालून बसल्यासारखा रुंद, सपाट टप्पा होता. त्याला आम्ही मांडीच म्हणायचो. आता तिथे नुसता काळा सरळसोट कातळ होता. वाट नाही, मांडी नाही, धरायला एक झुडूपसुद्धा नाही.

"हे आज उतरणार होते ना?" मी विचारलं.

"ठाव हाय मला. माझाच ल्योक हाय त्यो," आत्याबाई म्हणाल्या आणि चूळ भरायची विसरून तशाच उभ्या राहिल्या.

माझं माहेर सपाटीवरचं. तिकडचे डोंगर एकदा पडले की पडले, त्यांना कुणी काही विचारत नाही. लग्नासाठी पायतळला आले तेव्हा ही रांग मी पहिल्यांदा पाहिली. नऊ डोंगरांच्या या रांगेला इथले लोक भावकी म्हणतात, आणि नाव अगदी बेतून ठेवलंय. हे डोंगर जागा सोडत नाहीत, पण वळतात, वाकतात, एकमेकांच्या खांद्यावर रेलतात. थोरला पावसाळ्यात गुडघे जवळ ओढून बसतो. गवळण दर पुनवेला मान वळवून पैलदरीकडे बघते. कुणाला बघते ते विचारायची पद्धत नाही. डोंगर हलताना जातं फिरल्यासारखा आवाज येतो आणि पायाखालची जमीन हळूच गुणगुणते. नांदायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला उठून बसला. त्याच्या खांद्यावरचं बर्फ गुलाबी होत गेलं, आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघत राहिले. चुलीवरचं दूध सगळं उतू गेलं. आत्याबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पयल्या दिशी समद्यांचंच जातं."

तेव्हापासून आजवर किती वर्षं झाली, पण दूध ठेवलं असेल तर मी थोरल्याकडे पाठ करून बसते.

भावकी म्हटल्यावर नाती आलीच. मुरड्या हा आमच्या घराण्याचा धाकटा भाऊ, म्हणजे आत्याबाईंचा दीर आणि माझा चुलत सासरा. त्याच्यासमोर मी डोक्यावर पदर घ्यायचा आणि पहिलं वर्षभर तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत. खरं तर मी त्याला 'ते' म्हणायला हवं, पण सांगताना 'तो'च सोपं पडतं. मोठ्या मनाचा आहे, चालवून घेईल.

आणि भावकी म्हटल्यावर रुसवे-फुगवेही आले. कुणी मुरड्याच्या तोंडावर वाळवण घातलं, रुसला. सणाला गवळणीची ओटी आधी भरली, रुसला. रुसला की पहिल्यांदा पाणी तोडायचा. त्याच्या पायथ्याशी एक झरा आहे, तो एकदा दीड महिना कोरडा राहिला होता. असा रुसवा काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे आहे, आणि ते करते घरातली थोरली सून. तिला मनवीण म्हणतात. त्या वेळी मनवीण होत्या आत्याबाई, आणि त्यांच्यासारखी मनवीण भावकीनं पाहिली नव्हती. पण डोंगरानं अख्खी पाठ फिरवावी असं याआधी एकदाच झालं होतं, बावीस वर्षांपूर्वी.

तासाभरात सारा गाव आमच्या अंगणात जमला. माझा नवरा उदाजी आणि गावातली आणखी चौदा माणसं मीठ आणायला पैलदरीत गेली होती. येताना ती मुरड्याच्या डोक्यावरून चढून, मांडीवरून, समोरच्या वाटेनं उतरायची. ती वाटच आता पलीकडे गेली होती. त्यात वारा उलटा सुटला होता. एरवी वारा भावकीकडून खाली येतो. तो त्या दिवशी सपाटीकडून वर चढत होता. गावात नुसता गारठा आणि बारीक भुरभुर. पण वर डोंगरमाथ्यावर पांढरं धूसर काहीतरी सरसरत चाललेलं खालूनही दिसत होतं. अशा वाऱ्यात माथ्यावर माणूस उघड्यावर तीन तासांत लाकूड होतो, कपारीत दडला तर दोन-तीन दिवस तगतो, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी सरळ सांगितलं नाही. बायकांच्या अर्धवट बोलण्यावरून कळलं.

गावकीचे म्हातारे बाजीबा काठी आपटत म्हणाले, "कुणाकडनं मानपान चुकला, त्ये आदी बोला. लपवू नका."

कुणी म्हणालं शेळ्यांनी पायथ्याचं गवत खाल्लं, कुणी म्हणालं पोरांनी दगड मारले. त्यातलं काही पाठ फिरवण्याइतकं नव्हतं. 

"माझ्याकडून चुकलं," मी म्हणाले.

लग्नाची पहिली अक्षत नऊ डोंगरांना द्यायची असते. त्याची यादी मी केली होती. माझे वडील मोजणीदार. काठी धरून लांबून उंची काढायची विद्या त्यांनी मला दिली होती, आणि मला तिची भारी हौस. हळदीच्या अंगानं मी नऊच्या नऊ डोंगर मोजले आणि उंचीप्रमाणे नावं लिहिली. मुरड्या सगळ्यांत बुटका निघाला, म्हणून नववा. नऊ जणांत वयानं मात्र तो तिसरा होता.

 मग कुणीतरी हळूच म्हणालं, "आगं बया."

"पण लग्नाला तीन महिने झाले," मी म्हणाले. "आता रुसले?"

"डोंगर हाय त्यो," बाजीबा म्हणाले. "त्याला अपमान कळायला येळ लागतो."

आत्याबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. नवी साडी नेसल्या, कपाळभर कुंकू लावलं, मला म्हणाल्या, "पाण्याची घागर घे आन् माज्या मागं ये. पदर सांबाळ."

मुरड्याच्या पायथ्याला एक गुळगुळीत धोंडा आहे. आतापर्यंतच्या सगळ्या मनविणींचे तळवे टेकून तो झिजला आहे. आत्याबाईंनी त्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. मी झऱ्याजवळ घागर घेऊन उभी. झऱ्यावर जायचं ते नव्या सुनेनंच; बाकी गाव बांधापलीकडे हात जोडून बसला होता.

मला वाटलं होतं, मनवीण म्हणजे मंत्र म्हणत असेल. कसले मंत्र!

"भावोजी, पोरगी सपाटीची हाय, तिला वय कळत न्हाई, उंची कळती. पदरात घ्या. आवो, काठीनं मानूस मोजत्यात का? तसं मोजलं तर आमचं बाजीबा बोरीच्या झुडपाखाली येतील." बांधापलीकडे बाजीबांनी मान खाली घातली. "शेला आणलाय बगा, तीनशे हात लांब. थोरल्यास्नी बी एवढा न्हाई दिला, त्यास्नी सांगू नका. तोंड दावा की. पाठीशी किती बोलू? पाठीला काय कान असत्यात?"

हसवलं, चिडवलं, गोंजारलं. लहान लेकराला म्हणतात तसली गाणी म्हटली. घसा बसला की मी तांब्या पुढे करायची, दोन घोट घेऊन पुन्हा सुरू. सूर्य डोक्यावरून कलला तरी हात धोंड्यावरून उचलला नाही. मला सासूची भीती वाटायची ती त्या दिवशी गेली आणि त्या जागी जे आलं ते आजतागायत आहे. तिथे समोर काळा कातळ आभाळाला लागला होता, आणि ही पाच फुटांची बाई त्याला 'जेवण निवतंय हो' म्हणून दटावत होती.

पहिला दिवस गेला. मुरड्या हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला.  दुपारी आत्याबाई भाकरीचा तुकडा मोडत माझ्याशेजारी टेकल्या, तेव्हा मी धीर करून विचारलं, "बावीस वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

त्यांनी तुकडा चावून खाल्ला आणि मगच बोलल्या. "तुजं सासरं आन् तिघं वर व्हते. अशीच पाठ केली भावोजींनी. मी नवी मनवीण, पाठीवर उदाजी बांदलेला. रडले, पाया पडले. आर्ध्या दिसात वळले बग."

"मग?"

"मग काय. वाट उगडली, मानसं वर गेली, मांडीवर कुनी नव्हतं. रागाच्या भरात चौगांना आदीच झटकून टाकलं व्हतं ह्यांनी."

"आणि तरी तुम्ही त्यांना भावोजी म्हणता? चेष्टा करता?"

"भावकी हाय," त्या म्हणाल्या. "तोडून जातीस कुटं?" मग पुढे म्हणाल्या, "पन त्या मांडीवर मी पाय ठेवला न्हाई पुन्यांदा."

संबंध पायतळमध्ये आत्याबाईंचं नाव होतं ते त्याच दिवसामुळे. चवताळलेला डोंगर अर्ध्या दिवसात वळवणारी सारजाबाई. मुली ओव्यांत तिचं नाव घालायच्या. त्या ओव्या आत्याबाई स्वतः कधी म्हणत नसत, हे मात्र मी पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडतानाच आत्याबाई म्हणाल्या, "आज शेवटचं. आज न्हाई वळले तर वरती कुनी ऱ्हायचं न्हाई." धोंड्यावर हात न ठेवता त्यांनी कपाळ ठेवलं. चेष्टा नाही, गाणं नाही. नुसत्या रडायला लागल्या. "एक नेला तुमी, मी काय बोलले न्हाई. आता ह्यो एकच हाय. त्येवडा द्या."

मी तोंड फिरवलं आणि झऱ्यावर गेले. त्या आवाजाजवळ मला थांबवेना. घागर भरताना हात पाण्यात बुडाला आणि बरं वाटलं. तीन दिवस बोटं गारठून गेली होती, फक्त इथे आलं की बरं वाटायचं. तेवढ्यात जमीन गुणगुणली. जातं फिरायला लागलं.

"वळतोय!" बांधावरून ओरड आली. "मुरड्या वळतोय! सारजाबाईनं वळवला!"

लोक नाचायला लागले. बाजीबा रडत होते. मीही रडत असावे, कारण उदाजीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. आणि माझा हात अजून पाण्यातच होता. पाणी माझ्या हातावर गार होत चाललं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आतापर्यंत ते कोमट होतं. रुसला की आधी पाणी तोडतो, असं ज्याच्याबद्दल सगळे सांगतात, त्याचं पाणी तीन दिवस चालू होतं. आणि चालू कसलं, ऊन होतं.

मी वर बघितलं. मोजणीदाराची मुलगी मी, सवयीनं घागरीजवळ ठेवलेली माझी मोजणीची काठी उचलली, हात लांब करून धरली. लग्नात मोजला होता त्यापेक्षा मुरड्या कमी भरत होता. सहज बारा हात कमी. तो खचला नव्हता. तो पलीकडे वाकला होता. दोन्ही खांदे पुढे घेतले होते, मान खाली. रुसलेला माणूस कसा बसतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ताठ बसतो, मान वर करून. असा कुणी बसत नाही. असं बसतात ते पोटाशी लेकरू असलं आणि मागून पाऊस आला की.

आणि मागून काय येत होतं, ते माझा पदर गेले तीन दिवस सांगत होता. तो सारखा मुरड्याच्या दिशेनं उडत होता.

मी धावले.

"आत्याबाई, थांबवा त्यांना! वळू देऊ नका!"

"सूनबाई!" बाजीबा किंचाळले. "डोंगराम्होरं तोंड उगडतीस?"

"पाणी चालू आहे, आत्याबाई. तीन दिवस कोमट आहे. ते रुसलेले नाहीत. पाठ आपल्याकडे केलेली नाही त्यांनी, वाऱ्याकडे केली आहे. सगळे मांडीवर आहेत. त्यांना पोटाशी घेऊन बसलेत ते. आता वळले तर मांडी वाऱ्यात येईल."

जातं फिरतच होतं. कातळाच्या डाव्या कडेला हिरव्या उताराची बारीक रेघ दिसायला लागली होती. लोक तिच्याकडे बोट दाखवून ओरडत होते. आत्याबाई उठल्या, झऱ्यापाशी गेल्या, पाण्यात हात घातला. काढला. पुन्हा घातला.

"वारा," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. "त्या सालीबी सपाटीकडनंच व्हता."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"पानी बगाया मी गेलेच न्हाई."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, लेकाच्या काळजीनं असा झाला असेल. किती मूर्ख होते मी! त्या एका क्षणात माझ्या सासूला काय काय कळलं होतं, ते मला कळायला अजून दोन दिवस जायचे होते.

बाजीबा बांध ओलांडून आले. "सारजे, ऐकू नकोस. पोरगी हाय. वळतोय त्यो, तुजा ल्योक येतोय. आन् घातलेली गळ मागं घेतलीस तर मनविणीचा शब्द संपला. पुन्यांदा त्यो तुजं ऐकायचा न्हाई, जल्मात न्हाई. ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"आन् पोरगी चुकली असंल तर?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांची सून, डोक्यावर पदर नाही, हातात मोजायची काठी. ही पोरगी चुकते आहे असं मानणं त्यांना किती सोपं होतं! नुसतं गप्प बसायचं होतं. सारा गाव त्यांच्या बाजूनं होता. बावीस वर्षांचं नाव त्यांच्या बाजूनं होतं.

त्या धोंड्याकडे गेल्या. दोन्ही तळवे टेकले आणि फाटलेल्या आवाजात ओरडल्या, "भावोजी, वळू नका! माजं ऐकू नका! बसा तसंच! लेकरं सांबाळा!"

गावानं आक्रोश केला. एक बाई आत्याबाईंच्या अंगावर धावून आली. तिचे दोन भाऊ वर होते. मी मध्ये पडले, तिनं माझे केस धरले. त्या झटापटीत जातं कधी थांबलं ते मला समजलं नाही. मग पायाखाली पुन्हा गुणगुण सुरू झाली. हिरवी रेघ बारीक होत होत नाहीशी झाली आणि काळा कातळ पहिल्यासारखा आमच्यासमोर उभा राहिला. तो आणखी थोडा वाकला, हे मी काठी न धरताही सांगू शकले असते.

पुढचे दोन दिवस गावानं आमच्याशी संबंध तोडला. आत्याबाई आणि मी धोंड्यापाशी बसून राहिलो. त्या बोलत नव्हत्या. बोलायचा हक्क सोडला होता ना. मी दर घटकेला झऱ्यात हात घालून सांगायची, "कोमट आहे," आणि त्या मान हलवायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी वारा पडला. कुणी काही म्हटलं नाही, गळ घातली नाही, शेला दाखवला नाही. मुरड्या आपणहून वळला. हिरवा उतार पुढे आला, वाट आली, मांडी आली. आणि त्या मांडीवर माणसं उभी होती. बाजीबांना दिसत नव्हतं म्हणून ते मला विचारत होते, "किती? किती हायेत?" मी मोजत होते आणि सारखी चुकत होते. शेवटी मिठाच्या पिशव्या घेऊन ती खाली आली तेव्हा मोजली. पंधराच्या पंधरा.

संध्याकाळी सारा गाव आमच्या अंगणात होता. ती केस धरणारी बाई आत्याबाईंचे पाय सोडत नव्हती. उदाजी सांगत होता:

"आमी मांडीवर आलो आन् ह्ये फिरलं. वर कातळ छतावानी वाकला. खालचा दगुड ऊन, चुलीजवळ बसल्यागत. वारा बाहेरनं नुसता आरडत व्हता. तिसऱ्या दिशी मातर कायतरी झालं. भिंत सरकली, वारा आत शिरला. तेवढ्यात गणूचा कान गेला बगा, काळा पडलाय. मला वाटलं, संपलं. मग काय झालं ठाव न्हाई, पुन्यांदा झाकलं आमास्नी."

आत्याबाई खांबाला टेकून ऐकत होत्या. "किती येळ उगडं व्हता?"

"भाकरी भाजंस्तोवर. जास्त आसतो तर एकबी उरला नसता." मग उदाजीचा आवाज उतरला. "आये, आजून एक हाय. कातळ वाकल्यावर आत एक घळ दिसती. एरवी दिसत न्हाई, घडीत जाती. तिथं गवत हाय, हिरवंगार. त्या बर्फातबी हिरवं. आन् चार काठ्या उभ्या हायेत. एकीला पितळंची कडी हाय. बाच्या काठीला व्हती म्हंतीस, तशीच."

 आत्याबाई उठल्या, अंगणाच्या मधोमध आल्या आणि पदर सावरून अशा स्वरात बोलल्या, की जणू उद्याच्या कामांची वाटणी सांगताहेत.

"समदी हायेत तवर सांगते. बावीस वर्सं आपन म्हंतो, मुरड्यानं चौगं झटकले. तसं न्हाई. त्यानं त्येंनाबी असंच पोटाशी धरलं व्हतं. मी रडून रडून वळवला त्याला. गाव वर पोचंस्तोवर आर्धा दीस उगडी पडली मानसं; मेल्यावर त्यानंच घळीत झाकली त्येंना. त्यानं न्हाई मारली, मी मारली. आन् त्यो बावीस वर्सं आळ घेऊन गप ऱ्हायला. माज्या ओव्या म्हनू नका आता."

आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

तेव्हा मला कळलं, झऱ्यापाशी त्यांनी पाण्यात दोनदा हात का घातला होता. एकदा लेकासाठी. दुसऱ्यांदा नवऱ्यासाठी. आणि हे कळल्यावर, तेवढ्या ओझ्याखाली त्या ओरडल्या होत्या.

त्यांनी अन्न सोडलं. पाणी दिलं तर घ्यायच्या, बोलायच्या नाहीत. उदाजीनं पाय धरले. बाजीबांनी समजूत काढली, "तुला म्हाईत न्हवतं, सारजे." ज्या तिघींच्या घरची माणसं गेली होती त्या तिघी येऊन बसल्या, त्यातल्या एकीनं स्वतःच्या हातानं घास केला. आत्याबाईंनी मान वळवली नाही. मी चेष्टा केली, रागावले, गाणं म्हणून पाहिलं. त्यांनीच डोंगराला म्हटलेलं. काही उपयोग झाला नाही. भावकीतला कुठलाही डोंगर वळवणाऱ्या बाईला वळवणारं माणूस आमच्याकडे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायाखालची जमीन गुणगुणली.

मी बाहेर धावले. मुरड्या हलत होता. पण वारा नव्हता, ढग नव्हता; लख्ख ऊन होतं. पाठ करतोय की काय या भीतीनं गाव पुन्हा गोळा झाला. तो पाठ करत नव्हता. तो वाकत होता. आमच्याकडे. आधी मान, मग एक खांदा, मग दुसरा. वरचं बर्फ सरकून आमच्या बांधावर आलं. डोंगर कुणापुढे वाकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं; मुरड्या तर थोरल्यापुढेही वाकत नाही. तो खाली खाली आला, इतका की त्याची सावली आमच्या अंगणात शिरली, पायरी चढली आणि उंबऱ्याशी थांबली. त्याच्या पोटाजवळची घडी उलगडली. आत हिरवंगार गवत होतं आणि त्यात चार काठ्या उभ्या होत्या. एका काठीची पितळेची कडी उन्हात चमकली.

"आत्याबाई," मी आत ओरडले, "बाहेर या."

 मुरड्या तसाच वाकून राहिला. मग घरात पावलं वाजली आणि आत्याबाई भिंत धरत उंबऱ्यापर्यंत आल्या. डोक्यावर पदर घेतला. खूप वेळ त्या कडीकडे बघत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं, पुसलं नाही.  डोंगर हलत नव्हता. पण त्याच्या अंगातून बारीक बारीक दगड सुटत होते, जसं वाकून अवघडलेल्या माणसाचे गुडघे थरथरावेत.

ते आत्याबाईंना दिसलं.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. आवाज चिरका होता, पण तोच होता. "ताठ व्हा आता, भावोजी. पाठ धरंल तुमची. जेवते मी."